तगमग ओळखणारा मनगटी पट्टा: सुरुवात कुठून करायची

माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. तिच्या मनगटावर सेन्सरचा पट्टा बांधला तेव्हा मला वाटलं होतं, आता ती कधी अस्वस्थ होणार ते यंत्रच सांगेल. पहिल्या आठवड्यात यंत्राने पुष्कळ सांगितलं. आई जिना चढली की इशारा, केस विंचरायला लागली की इशारा, टाळ्या वाजवल्या की इशारा. आणि ज्या संध्याकाळी ती खुर्चीत बसून तासभर "मला घरी जायचंय" म्हणत हुंदके देत होती, त्या संध्याकाळी पट्टा गप्प राहिला. तो मुख्यतः हालचालीवरून ठरवत होता आणि आईचे दोन्ही हात मांडीवर स्थिर होते.

मग मी पट्टा कपाटात ठेवला आणि वही काढली. तीन आठवडे वही भरल्यावर पट्टा पुन्हा बांधला, तेव्हा कुठे तो उपयोगी पडू लागला. म्हणून या लेखातला क्रमही तसाच आहे: आधी निरीक्षण, मग तपासणी, त्यानंतर यंत्र. घरी काळजी घेणाऱ्यांसाठी आणि वृद्धांच्या केंद्रात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे.

आधी "तगमग" म्हणजे काय ते ठरवा

डॉक्टर ज्याला एजिटेशन म्हणतात त्याला मी इथे तगमग म्हणते. घरात आपण घालमेल, चिडचिड, कासाविशी असं काहीही म्हणतो आणि तिथेच पहिला घोटाळा होतो, कारण प्रत्येकाच्या मनात वेगळं चित्र असतं. वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या इंटरनॅशनल सायकोजेरिॲट्रिक असोसिएशनने २०१५ साली याची एक व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यात वागण्याचे तीन गट आहेत: अतिरेकी हालचाल, शब्दांतून आक्रमकता आणि अंगावर धावून जाण्यासारखी शारीरिक आक्रमकता. शिवाय त्या वागण्यामागे मनाचा त्रास दिसायला हवा, अशीही अट आहे. ही अट मला फार मोलाची वाटते. आनंदाने खोलीभर फिरणारा माणूस तगमगत नसतो.

कोहेन-मॅन्सफिल्ड मापन या नावाने ओळखली जाणारी २९ वागण्यांची एक यादी काळजी-केंद्रांमध्ये वापरतात. येरझाऱ्या घालणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, वस्तू लपवणं, किंचाळणं, कपडे काढणं अशी ती यादी आहे. मागच्या दोन आठवड्यांत प्रत्येक गोष्ट किती वेळा घडली याला १ ते ७ गुण द्यायचे असतात. सबंध यादी भरणं जमलं नाही तरी ती एकदा नजरेखालून घाला आणि तुमच्या माणसाला लागू पडणारी दोन-तीन वागणी निवडा. प्रत्येकीसमोर स्वतःला विचारा: हे मनगटाला कळेल का? येरझाऱ्या कळतील, हात चोळणं कळेल, दार हलवणं कळेल. कण्हणं, विनवण्या करणं, एकच वाक्य घोळवणं हे कदाचित अजिबात कळणार नाही. तुमच्या माणसाचा त्रास मुख्यतः बोलण्यातून बाहेर पडत असेल, तर पट्टा घेण्याआधीच अपेक्षा खाली आणा.

पहिली पायरी: वही

किमान दोन आठवडे नोंदी करा. एका नोंदीत तीन गोष्टी हव्यात: आधी काय घडलं, मग काय दिसलं, शेवटी काय केल्याने फरक पडला. वेळ मिनिटासकट लिहा. "संध्याकाळी चिडली" ही नोंद पुढे काहीच कामाची नाही. "५.४०: टीव्हीवर मोठा आवाज. उठून दाराची कडी हलवली, चार वेळा. ५.५५: टीव्ही बंद करून शेजारी बसले. ६.०५: बसली" ही नोंद सोन्यासारखी आहे, कारण पुढे सेन्सरच्या आलेखावर ५.४० ते ६.०५ चा तुकडा तुम्हाला बोट ठेवून दाखवता येईल.

शांत वेळांच्याही नोंदी करा. हे सगळे विसरतात. आई तासभर जुने फोटो बघत निवांत बसली होती, हे लिहिलेलं नसेल तर यंत्राला शांतता कशी दिसते ते कधीच शिकवता येणार नाही. नोंद करणारे एकाहून अधिक असतील, तर पहिले दोन दिवस दोघांनी तोच तास वेगवेगळा लिहून पाहा आणि मग जुळवा. माझ्या भावाला जी "थोडीशी कुरकुर" वाटायची ती मला "जोरात रडणं" वाटायची. आम्ही एकत्र बसून शब्द पक्के केले नसते तर त्या नोंदींतून काहीच निष्पन्न झालं नसतं.

एक छोटी गोष्ट, पण तिच्यामुळे आठवडे वाया जातात: भिंतीवरचं घड्याळ, मोबाइल आणि पट्टा यांची वेळ सारखी आहे ना, ते दर आठवड्याला पाहा. दहा मिनिटांचा फरक असेल तर आलेखावरचा चढ भलत्याच घटनेला चिकटतो.

दुसरी पायरी: दुखणं आणि आजार आधी शोधा

ही पायरी ओलांडून कोणीही यंत्राकडे जाऊ नये. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दाढ दुखतेय किंवा पोट साफ झालेलं नाही हे शब्दांत सांगता येईलच असं नाही. तुंबलेली लघवी, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, तहान, टोचणारी चप्पल, श्रवणयंत्राची संपलेली बॅटरी, नव्याने सुरू झालेलं औषध, या सगळ्यांचा शेवट तगमगीत होऊ शकतो.

दुखणं ओळखायला परिचारिका पेनॅड नावाचं सोपं मोजमाप वापरतात. त्यात पाच गोष्टी पाहायच्या: श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहऱ्यावरचे भाव, अंगाची ठेवण आणि समजूत काढल्यावर माणूस निवतो का. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून एकदा शिकून घेतलं की घरीही करता येतं.

आणि बदल अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल, माणूस मधूनच भानावर येत असेल आणि मधूनच हरवत असेल, तर तो डेलिरियम असू शकतो. संसर्ग, पाण्याची कमतरता, औषधाचा परिणाम अशी त्याची कारणं असतात आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावे लागतात. अशा वेळी आलेख पाहत बसू नका.

तिसरी पायरी: पट्टा नेमकं काय मोजतो ते समजून घ्या

कोणताही सेन्सर तगमग मोजत नाही. तो शरीरातला बदल मोजतो आणि त्या बदलाचा अर्थ आपण लावतो. मनगटी पट्ट्यांत साधारण चार मोजमापं असतात.

हालचाल सर्वांत भरवशाची. ॲक्सेलरोमीटर तीन दिशांतला वेगबदल सेकंदाला अनेकदा टिपतो. येरझाऱ्यांची ठेका धरलेली लाट, हात चोळण्याची बारीक थरथर, आपटण्याचा उंच टोकदार चढ, हे सगळं त्यात वेगवेगळं दिसतं. पार्किन्सनसारखा कंप असेल तर तो सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या नियमित हेलकाव्यासारखा उमटतो. त्याला तगमग समजू नका. रात्रीची झोप किती तुटक झाली हेही याच सेन्सरवरून बऱ्यापैकी कळतं, आणि माझ्या मते पट्ट्याचा सर्वांत दुर्लक्षित उपयोग हाच आहे. आईची झोप रात्री चार-पाच वेळा मोडली की दुसऱ्या दिवशीची तिन्हीसांज कठीण जाणार, हे आम्हाला सकाळीच कळू लागलं होतं.

नाडी मोजायला पट्टा त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशातला फरक वाचतो. हात जोरात हलला की हे वाचन बिघडतं, म्हणजे नेमकं ज्या क्षणी हवं त्या क्षणी ते सर्वांत कमी विश्वासाचं असतं. नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं यावरून ताणाचा अंदाज बांधतात, पण त्यासाठी हात स्थिर आणि हृदयाचा ताल नियमित हवा. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार असलेल्या किंवा पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या बाबतीत हा अंदाज सोडून द्या.

तिसरं मोजमाप त्वचेच्या विद्युतवाहकतेचं. ताण आला की शरीराला सावध करणारी अनुकंपी मज्जासंस्था घामाच्या ग्रंथींना जागं करते, त्वचेतून वीज किंचित सहज वाहते आणि एक ते तीन सेकंदांत आलेख वर उठतो. माणूस मुकाट बसलेला असतानाही हा सेन्सर काहीतरी सांगू शकतो, म्हणून संशोधकांना तो आवडतो. त्याच्या अडचणीही आहेत. उकाडा झाला तरी वाहकता वाढते. वयाबरोबर त्वचा कोरडी होते आणि संकेत मुळातच क्षीण मिळतो. पट्टा सैल झाला तर रेघ शून्याजवळ लोळते आणि नवखा माणूस तिलाच शांतता समजतो.

चौथं त्वचेचं तापमान. ते सावकाश बदलतं. एकट्याने फार सांगत नाही, पण पट्टा अंगावर आहे की टेबलावर, हे त्यावरून छान कळतं.

औषधांची यादी इथे हाताशी ठेवा. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं नाडी वाढू देत नाहीत. स्मृतिभ्रंशासाठीच दिलं जाणारं डोनेपेझिल नाडी मंद करू शकतं. लघवीच्या घाईसाठी दिली जाणारी काही औषधं घाम कमी करतात, म्हणजे वाहकतेचा सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात नाडी आणि घाम आपोआप सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्थाच बहुधा बिघडलेली असते, तिथे नाडी आणि घाम या दोन्हींवरचे निष्कर्ष जपून काढा.

चौथी पायरी: पट्टा निवडणं आणि अंगवळणी पाडणं

साध्या स्मार्टवॉचमध्ये "ताण" म्हणून जो आकडा दिसतो त्यावर मी विसंबले नाही, तुम्हीही विसंबू नका. तो सर्वसाधारण ग्राहकांना समोर ठेवून बनवलेला असतो, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवर तपासलेला असेलच असं नाही. पट्टा घेताना एकच प्रश्न आधी विचारा: यातली मूळ नोंद, म्हणजे दर मिनिटाची हालचाल आणि नाडी, मला बाहेर काढता येते का? येत नसेल तर वहीशी ताळा करता येणार नाही. त्यानंतर बॅटरी किती दिवस टिकते, पाण्याने खराब होतो का, कडा टोचतात का ते बघा. पडद्यावर काही लुकलुकत नसेल तर उत्तम, लुकलुकणारा दिवा स्वतःच चीड आणतो.

परवानगीचा प्रश्न नुसत्या सहीने संपत नाही. आजाराच्या सुरुवातीच्या काळात माणसाशी मोकळेपणाने बोला: हे काय आहे, कशासाठी आहे, माहिती कोण बघणार. पुढे समजून संमती देणं जमेनासं झालं की कायद्याने ज्याला अधिकार आहे त्याची परवानगी घ्या, पण माणसाचं मतही रोज विचारात घ्या. पट्टा पुन्हा पुन्हा ओढून काढणं हा नकार आहे, त्याला नकार म्हणूनच वागवा. न उघडणारी कडी लावून जबरदस्तीने पट्टा घालणं मला पटत नाही. तगमग ओळखण्यासाठी बांधलेल्या वस्तूनेच तगमग होत असेल तर ती कशासाठी बांधायची?

आयुष्यभर घड्याळ वापरलेल्या माणसाला त्याच हातावर पट्टा सहज चालतो. सुरुवात अर्ध्या तासापासून करा, तेही आवडीचं काहीतरी चाललेलं असताना. म्हातारपणी त्वचा कागदासारखी पातळ होते, म्हणून रोज पट्टा काढून खालची त्वचा बघा, पुसून कोरडी करा. लालसर वण दिसला तर हात बदला, आणि बदल वहीत लिहा, कारण दोन हातांची हालचाल सारखी नसते.

पाचवी पायरी: त्या माणसाची शांतता मोजा

आता पट्टा आणि वही दोन्ही एकत्र चालवा, आणखी दोन-तीन आठवडे, इशारे पूर्ण बंद ठेवून. हा काळ कंटाळवाणा असतो. तो टाळू नका.

टोरांटोतल्या स्मृतिभ्रंश कक्षात संशोधकांनी रुग्णांना मनगटी सेन्सर घालून परिचारिकांच्या नोंदींशी त्याची सांगड घातली. प्रत्येक माणसासाठी वेगळं मॉडेल, म्हणजे संकेतांवरून तगमग ओळखायला शिकवलेली संगणकीय पद्धत, बनवणं फायद्याचं ठरतं आणि कोणासाठी कोणता संकेत उपयोगी पडेल ते माणसागणिक बदलतं, असं त्यांच्या कामातून दिसलं. घरीही तेच अनुभवाला येतं. एकाची तगमग पावलांत असते, दुसऱ्याची बोटांत. माझ्या आईचा हात दाराशी जाण्याच्या बराच आधी अंगावरच्या कपड्याची कड चाळवू लागायचा. आलेखात ती बारीक, न थांबणारी थरथर दिसायची. ती खूण आम्हाला कोणत्याही तयार ॲपने दिली नसती.

म्हणून इशारा कुठल्या आकड्यापलीकडे द्यायचा ती मर्यादा ठरवताना "नाडी १०० च्या वर" असा सरधोपट नियम लावू नका. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला त्या माणसाची नेहमीची हालचाल आणि नाडी किती असते ते वेगवेगळं काढा आणि त्या-त्या वेळेच्या नेहमीपेक्षा किती फरक पडला ते पाहा. आंघोळ, व्यायाम, पाहुणे यांच्या वेळा वहीतून उचलून बाजूला ठेवा.

सहावी पायरी: इशाऱ्यांचं गणित

"आमचं यंत्र ९६ टक्के अचूक आहे" असं कोणी सांगितलं तर आधी कागद-पेन्सिल घ्या. समजा माणूस दिवसात १६ तास जागा असतो, म्हणजे ९६० मिनिटं. त्यांतली ४० मिनिटं तगमगीची आणि ९२० शांत. जे यंत्र दिवसभर डोळे मिटून "सगळं ठीक" म्हणतं, तेही ९६० पैकी ९२० वेळा बरोबर ठरतं. हे झाले सुमारे ९६ टक्के, आणि उपयोग शून्य.

आता चांगलं यंत्र घेऊ. ते तगमगीची ८० टक्के मिनिटं पकडतं, म्हणजे ३२. शांत मिनिटांपैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून तगमग म्हणतं, म्हणजे ४६. एकूण ७८ इशाऱ्यांपैकी ४६ खोटे, दहापैकी जवळजवळ सहा. कागदावर देखणं दिसणारं हे यंत्र तिसऱ्या दिवशी बंद केलं जाईल, कारण थकलेलं माणूस तितके आवाज सहन करू शकत नाही. केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांचंही असंच होतं: इशारे जास्त झाले की खरा इशाराही कानावरून जातो.

उपाय साधे आहेत. एका मिनिटावर इशारा देऊ नका, सलग चार-पाच मिनिटं बदल टिकला तरच द्या. एकदा इशारा दिला की पुढची वीस मिनिटं गप्प राहू द्या. वहीत ज्या वेळा त्रासाच्या दिसतात त्या वेळी मर्यादा थोडी खाली, एरवी वर ठेवा. आवाजाऐवजी तुमच्या मनगटावर हलकं कंपन घ्या. आणि दर आठवड्याला दोन आकडे लिहा: किती तगमगी हुकल्या आणि किती इशारे खोटे निघाले. कोणाचंही "अचूकता" प्रमाणपत्र या दोन आकड्यांची जागा घेऊ शकत नाही.

स्वतः मॉडेल बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडंसं. वेसॅड (WESAD) हा ताणाच्या नोंदींचा २०१८ चा खुला डेटासंच हात बसवायला चांगला आहे, पण त्यात प्रयोगशाळेतली १५ निरोगी माणसं आहेत. तिथला ताण आणि स्मृतिभ्रंशातली तगमग एक नव्हे. टीआयएचएम (TIHM) या नावाने २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संचात स्मृतिभ्रंश असलेल्या ५६ जणांच्या घरांतल्या नोंदी आहेत, तगमगीच्या घटनांसह. चाचणी घेताना एकाच दिवसाची मिनिटं शिकवण्यात आणि तपासण्यात वाटू नका. शेजारशेजारची मिनिटं सारखीच असतात आणि निकाल फुगतो. अख्खे दिवस, शक्य तर अख्खी माणसं वेगळी ठेवा.

सातवी पायरी: इशारा आल्यावर काय करायचं

हे आधी लिहून भिंतीवर लावा. इशारा आला की धावत जाऊन "काय झालं?" असं विचारू नका. सावकाश समोरून जा, डोळ्यांच्या पातळीवर बसा, नावाने किंवा नात्याने हाक मारा. मग शरीराच्या गरजा क्रमाने पाहा: बाथरूमला जायचंय का, तहान, भूक, दुखणं, उकाडा किंवा थंडी. मग भोवताल: आवाज, गर्दी, अपुरा उजेड, भिंतीवरच्या सावल्या. "घरी जायचंय" म्हणणाऱ्या आईला "हेच तुझं घर" असं मी अनेक महिने समजावत राहिले, आणि दर वेळी ती अधिकच भडकायची. "घरी कोण कोण आहे गं?" असं विचारायला लागले तेव्हा ती सांगत बसायची आणि हात हळूहळू थांबायचा. आलेखात तो थांबलेला दिसायचा.

कशाने उपयोग झाला ते लगेच वहीत लिहा, वेळेसकट. महिन्याभरात तुमच्या माणसाच्या चार-पाच हमखास उपायांची यादी तयार होते. रात्रपाळीच्या मदतनिसाला किंवा घरी आलेल्या पाहुण्याला ती देता येते.

पट्ट्याच्या आलेखावरून औषध वाढवण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय घरी घेऊ नका. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना मनोविकारविरोधी औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. २०२३ साली अल्झायमरमधल्या तगमगीसाठी ब्रेक्सपिप्रॅझोल या त्याच गटातल्या औषधाला तिथे मान्यता मिळाली, तीही याच इशाऱ्यासह. आलेख आणि वही डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा. दोन पानांत मावेल एवढंच न्या: आठवड्याला किती वेळा, कोणत्या वेळी, कशानंतर, कशाने थांबली.

पुढे चालवताना

औषध बदललं, खोली बदलली, सांभाळणारं माणूस बदललं किंवा आजारपणानंतर घरी परतलात, की पाचवी पायरी पुन्हा करा. जुन्या मर्यादा तेव्हा लागू पडत नाहीत. आजार वाढेल तसं चालणं कमी होतं आणि हालचालीवर उभे केलेले इशारे आपोआप थांबतात. त्याचा अर्थ त्रास थांबला असा घेऊ नका, त्या टप्प्यावर पेनॅडकडे वळा.

सलग दोन महिने इशाऱ्यांमुळे तुमच्या वागण्यात काहीच बदल झाला नसेल, तर पट्टा उतरवा. उतरवल्यावर त्यातली माहिती कुठे साठली आहे ते शोधा. मोबाइलमधून ॲप काढलं म्हणून कंपनीकडची नोंद पुसली जात नाही, बहुधा त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. हवा तो भाग डॉक्टरांसाठी आपल्याकडे उतरवून घ्या, मग ती विनंती करा आणि पुसल्याचं उत्तर लेखी मागा.